वेळूचा पांढरा कोळसा

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं कोळसा तपासला. कारखान्यांकडून नमुने यायचे. त्यात ओल किती, राख किती, उष्णता किती हे काढायचं आणि कागदावर लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. नमुना असायचा मूठभर. तो ज्या ढिगातून उचललेला असायचा तो ढीग मी कधी पाहिला नाही, आणि ज्या बॉयलरमध्ये तो कोळसा जायचा तो बॉयलरही नाही. मधलं तेवढं मला यायचं, आणि ते चांगलं यायचं.

पुढे मालकांनी प्रयोगशाळा गुजरातेत हलवली. मी कल्याण सोडून कुठे जाणार? एक्कावन्नाव्या वर्षी घरी बसले. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमधून नुकताच निवृत्त झालेला, तोही घरीच. दोघं दिवसभर एकमेकांना विचारायचो, चहा घेणार का. अशात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तिशी-पस्तिशीतला इंजिनिअर मुलगा, कारखान्यांना जळण पुरवण्याचा धंदा करायचा. त्याच्या नमुन्यांची मी कधी काळी दोनदा फेरतपासणी करून दिली होती, ते त्याच्या लक्षात होतं. वयाने माझ्या भाच्याएवढा, पण नोकरी देणार म्हटल्यावर मी त्याला सर म्हणायला लागले. तो मला मॅडम म्हणायचा.

त्याचं ऑफिस घोडबंदर रोडला, अकराव्या मजल्यावर. खाली मेट्रोचे खांब आणि त्यांच्यामधे न हलणाऱ्या गाड्या. तो म्हणाला, "मॅडम, कोळसा आता कोणाला नकोय. मी भुसा आणि पेंढा दाबून ब्रिकेट करतो, पांढरा कोळसा. पण भुसा पुरत नाही. आता बांबू."

पांढरा कोळसा हे धंद्यातलं नाव. प्रत्यक्षात तो दंडगोल असतो, मातकट तपकिरी, जाड काकडीएवढा. पांढराही नाही आणि कोळसाही नाही. मी ते बोलून दाखवलं तर सर हसले आणि भिंतीवरच्या फळ्यावर चार गोल आणि त्यांना जोडणारे बाण काढले. बेट, गाव, शेड, बॉयलर. बेट म्हणजे एका मुळातून वाढलेला बांबूंचा झुबका. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी बेटातला बांबू तोडायचा, एका जागी जमवायचा, तो कल्याणबाहेरच्या आपल्या शेडवर यायचा, तिथे भुगा होऊन दाबला जायचा आणि बॉयलरला जायचा.

"आणि मी कुठे?" मी विचारलं.

त्यांनी गाव आणि शेड यांच्यामधल्या बाणावर बोट ठेवलं. "हा बाण तुम्ही."

बांबूबद्दल मला काय माहीत होतं? धाकटी बहीण बाळकुमला राहते. तिच्या समोरच्या इमारतीला रंग द्यायचा होता तेव्हा बांबूची परांची बांधलेली, ती तिच्या गॅलरीतून मी दोन तास बघत बसलेले. तेवढंच. तरी मी हो म्हटलं. घरी परत एकमेकांना चहा विचारत बसायची माझी तयारी नव्हती.

गाव टिटवाळ्याच्या पुढे, स्टेशनहून माणसं भरून निघणाऱ्या वडाप रिक्षाने अर्धा तास. पहिल्या दिवशी शाळेच्या ओट्यावर पंधरा-सोळा बायका जमल्या होत्या. गटाच्या अध्यक्षबाई चाळिशीच्या, त्यांची स्वतःची पिठाची गिरण. केसांत पीठ असायचं नेहमी, त्यामुळे त्या आहेत त्याहून मोठ्या दिसायच्या. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते मागे वळून बाकीच्यांना सांगितलं. चहा आला, पण जरा उशिराने. तो मुद्दाम उशिरा आला की दूधच यायचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढं खरं की नंतर त्या गावात माझ्याइतका चहा कोणी प्यायला नसेल.

मी वही काढून विचारलं, "गावात किती टन बांबू निघेल?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "टन नाय सांगता यायचं. बेटं किती ते सांगते."

"एका बेटात किती वजन?"

"कुठलं बेट त्यावर हाये. आणि कधी तोडणार त्यावर. पावसानंतर लगेच तोडला तर बांबू पाण्याने भरलेला. होळीला तोडला तर हलका. तोच बांबू, ताई. तुम्ही पाण्याचे पैसे देणार का?"

बावीस वर्षं मी ओल मोजली होती. तिचे पैसे कोणी द्यायचे हे कधी ठरवलं नव्हतं. सरांना फोन लावला, ते म्हणाले वाळलेल्या वजनावर घेऊ. बायकांनी विचारलं, वाळला हे कोण ठरवणार? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, कसं? मी म्हटलं, ओव्हनमध्ये ठेवून. त्यावर एक जण अगदी गंभीरपणे म्हणाली, "एवढा लांब बांबू मावेल तुमच्या ओव्हनात?" बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण मनातून घाबरले होते. मग मी सरांनी पढवलेलं सांगायला घेतलं, की बांबू आता कायद्याने झाड नाही, गवत आहे, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा तोडायला अडचण नाही. तेव्हा मागून एक आवाज आला, "गवताला कोयता मारून मारून हात सुजतात होय?"

ती होती टोपल्या विणणारी मावशी. साठीची, बारीक, काळीसावळी, बोटांची पेरं कापून कापून खडबडीत झालेली. गावात टोपली, सूप, रोवळी विणणारी ती एकटीच उरलेली. गटात ती नव्हती. कोणी बोलावलं नव्हतं तरी येऊन खांबाला टेकून बसलेली.

"एवढा बांबू नेऊन करणार काय?" तिने विचारलं.

"जाळणार," मी म्हटलं. मी चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं. कोळसा वाचेल, धूर कमी होईल, तुम्हाला गावात काम मिळेल, असं पुढचं बोलणंही तयार होतं.

पण मघाशी ओव्हनचं विचारणारी बाई पदराशी चाळा करायला लागली. मावशी म्हणाली, "वेळू नाय जाळत ताई. वंश जळतो."

बांबूला ती वेळू म्हणायची. मी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "म्हणतात तसं. आमच्यात चुलीत नाय घालत कोणी."

आता माझं असं की मी चाळीत वाढले, पण वडिलांनी आम्हाला एकच धडा दिला होता: कोणी काही सांगितलं की आधी विचारायचं, का? मांजर आडवं गेलं, का थांबायचं? अमावस्येला केस का कापायचे नाहीत? वडील गेल्यावरही तो ‘का’ माझ्या तोंडात राहिला. त्या दिवशी तो जिभेवर आलाच होता. पण समोर पंधरा बायका, मी परकी, त्यातून आडनावाचं ते मघाचं. मी ‘का’ विचारला तर तो मला हवा तसा ऐकू जाईल याची खात्री वाटेना. मी वही मिटली आणि पुन्हा येते म्हणून उठले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय? सांगायचं ना, अंधश्रद्धा आहे."

"तू सांगशील?"

"मी कशाला सांगू? मला कुठे बांबू हवाय?"

दोन दिवसांनी मी एकटीच मावशीच्या घरी गेले. ती अंगणात बसून बांबूच्या चिवट्या, विणायच्या पातळ पट्ट्या, काढत होती. मी शेजारी बसले आणि शेवटी विचारलंच, "मावशी, वेळू का जाळत नाहीत?"

तिला राग आला नाही. म्हणाली, "माझ्या माहेरी भावजयीने घातला होता. पावसाचे दिवस, लाकडं भिजलेली. कोपऱ्यात वेळूचा तुकडा होता, सुका, तो घातला चुलीत. फटाक्यासारखा फुटला. मांडीवर पोर होतं. त्याच्या डोळ्यात गेलं."

मी म्हटलं, "दोन पेरांच्या मधे हवा कोंडलेली असते ना. ती तापली की फुगते आणि..."

"तेच सांगते मी," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे त्याचा वंशाशी..."

"भावाला तेवढं एकच पोर. एका डोळ्याचं म्हणून त्याचं लग्न नाय झालं. मग वंश जळला की नाय?"

मला वाटत होतं की एकीकडे कारण असतं आणि दुसरीकडे समजूत असते, आणि शिकलेल्या माणसाने दोन्ही वेगळं करून दाखवायचं असतं. तिच्या बोलण्यात ते वेगळं होईना. मी कारण सांगितलं होतं, तिने ते मान्य केलं होतं, आणि तरी आम्ही होतो तिथेच होतो.

निघताना तिच्या घरामागे लक्ष गेलं. विणून उरलेल्या चिवट्या, छाटलेले शेंडे, फुटके तुकडे, वाकडे बांबू, सगळ्याचा ढीग साठला होता. चुलीत घालायचा नाही म्हटल्यावर जाणार कुठे? वाळवी लागलेला, पावसाने काळा पडलेला. मी विचारलं, "हे?"

ती म्हणाली, "हे न्या. हे साप-विंचवाचं घर झालंय. याचं काय करायचं ते तुमच्या तिकडे करा, मला दाखवू नका."

अध्यक्षबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी गटाची बैठक घेतली आणि अर्ध्या तासात मार्ग काढला. सरळ, जाड, चांगला बांबू जळणाला द्यायचा नाही. तो मांडववाल्यांना आणि टोमॅटोच्या मळ्यांना विकायचा. वाकडा, वाळका, शेंडे, चिवट्या, तेवढं शेडवर. "आणि ते इथे भुगा करून द्यायचं," त्या म्हणाल्या. "भुग्याला पेर नसतं." सरांनी चिपरचं लहान मशीन पाठवलं. ते गिरणीशेजारी बसवलं. भुग्याला पेर नसतं यावर गावात कोणी वाद घातला नाही. मावशीने फक्त मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही.

सर खूश नव्हते. त्यांना अख्खी बेटं हवी होती. पण सुरुवात म्हणून त्यांनी चालवून घेतलं.

त्या हिवाळ्यात पहिला ट्रक भरला. शेडमध्ये भुगा वाळवला, दाबला, काकड्या तयार झाल्या. डोंबिवलीत कपडा रंगवणारा एक कारखाना होता, त्यांच्या बॉयलरवर चाचणी ठरली. मी आयुष्यात पहिल्यांदा बॉयलरसमोर उभी राहिले. बॉयलर सांभाळणारे काका तिथे तीस वर्षं होते. त्यांनी सकाळी आमचा माल लावला, दुपारपर्यंत आच छान होती, सर सगळ्यांना हात मिळवत फिरत होते. चार वाजता काकांनी जाळीखालचं दार उघडलं, लोखंडी सळई आत घातली आणि ती आत अडकली.

आत खंगर झाला होता. वीटभट्टीत जास्त भाजून वितळलेली वीट असते ना, काळी, काचेसारखी, तसा. राख राखेसारखी खाली पडायच्या ऐवजी वितळून जाळीला चिकटली होती. बॉयलर बंद करून, थंड होऊ देऊन, छिन्नी-हातोड्याने ती काढावी लागली. कारखान्याच्या मॅनेजरांनी आम्हाला शांतपणे सांगितलं की पुन्हा असा माल आणू नका.

परतताना गाडीत सर म्हणाले, "माती आली असणार, मॅडम. बायकांनी जमिनीवरून खरडून भरलंय."

मला ते खरं वाटलं आणि अपमानही वाटला. माल माझ्या हाताखालून गेला होता. नशिबाने, जुन्या सवयीने, मी प्रत्येक पोत्यातून एक मूठ काढून वेगळ्या पुडीत ठेवलेली. शेडच्या कोपऱ्यात सरांनी जुना ओव्हन आणि छोटी भट्टी घेऊन दिली होती. एक एक पुडी मुशीत घालून मी जाळायला लागले. मूस म्हणजे चिनीमातीची वाटी, आत काय उरतं ते बघायचं. सगळ्या मुशींच्या तळाला राख गोळा होऊन चिकटली होती, चकाकत होती. माती फारशी नव्हतीच. बांबूच्या अंगातच काहीतरी होतं जे वितळत होतं. कोळशात मला हे इतकं कधी दिसलं नव्हतं.

फक्त एका मुशीत राख मोकळी होती. करडी, पिठासारखी, फुंकर मारली तर उडेल अशी. आणि इतरांच्या मानाने निम्मीच.

मला वाटलं भट्टी बिघडली. जुनीच होती. पुन्हा केलं, तेच आलं. मुशींची अदलाबदल केली, तेच आलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले, की पुडी बदलली की काय, हा बांबूच नाही की काय. दोन दिवस मी त्या करड्या राखेकडे बघत होते. जात एकच, गाव एकच, हंगाम एकच. बावीस वर्षांत एकाही खाणीच्या कोळशाने मला असं फसवलं नव्हतं.

पोत्यांवर बायकांनी खडूने खुणा केल्या होत्या. त्या पुडीवर मी उतरून घेतलेली खूण होती एक गोल, आत ठिपका. गावात जाऊन विचारलं तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "ते मावशीचं पोतं. तिला लिहिता येत नाय, ती टोपली काढते."

मावशीला मी राखेचं सांगितलं नाही, जाळण्याचं तिला दाखवायचं नव्हतं. एवढंच विचारलं, "तुमचा वेळू वेगळा आहे का हो? कुठून आणता?"

"सगळ्यांचा तोच माझा."

"मग तुम्ही त्याला काय करता?"

"काय करणार? विणते."

"त्याच्या आधी?"

तिला प्रश्नच समजत नव्हता आणि मला तो नीट विचारता येत नव्हता. शेवटी ती वैतागून म्हणाली, "चला माझ्यासंगं," आणि मला ओढ्यावर घेऊन गेली. पाणी गुडघाभर होतं. तळाशी बांबू आडवे घालून वर मोठे दगड ठेवलेले. पाणी तिथे तपकिरी झालं होतं आणि त्याला कुजका वास येत होता. ती म्हणाली, "महिनाभर बुडवून ठेवते. नाय तर भुंगा लागतो, टोपलीतून पीठ गळतं. आतला गोडवा निघून जायला पाहिजे. किड्याला गोड लागतं ना ते."

मी तिथे दगडावर बसले. भुंग्याला जे गोड लागतं ते पाण्यात उतरत होतं, आणि त्याच्यासोबत तो क्षारही उतरत असणार जो माझ्या मुशीत वितळत होता. मला कळलं की मला कळलंय, पण आनंद व्हायच्या आधीच पुढचा प्रश्न उभा राहिला. एका बाईच्या टोपल्यांपुरता ओढा पुरतो. ट्रकभर बांबू कुठे बुडवायचा?

आम्ही प्रयत्न केला. बायकांनी वाळके बांबू ओढ्यात घातले, पंधरा-सोळा जणींचे. चार दिवसांत पाणी काळपट झालं. खाली एक पाडा होता, त्यांची जनावरं त्या पाण्याला तोंड लावेनात. पाड्यावरची माणसं आली, भांडायला नाही, सांगायला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तुमचं काम होऊ दे बाय, पण आमच्या म्हशींनी काय प्यायचं?" अध्यक्षबाईंनी त्याच दिवशी सगळे बांबू बाहेर काढायला लावले. मला विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. पंचायत करायचा माझा अनुभव शून्य.

मग मी मावशीला विचारलं, "ओढ्यात नाही, नुसतं पावसात पडू दिलं तर?"

"पाणी ते पाणी," ती म्हणाली. "माझ्या घरामागचा ढीग नाय का पावसात पडलेला? त्याला कुठे भुंगा होता? वाळवी होती."

म्हणजे गिरणीमागच्या उतारावर भुगा न करता तुकडे पसरून ठेवायचे, चार महिने पाऊस झेलू द्यायचा, दसऱ्यानंतर वाळवायचे. मी सरांना हे सांगायला घोडबंदरला गेले. ते ऐकून घेत होते, अधूनमधून फोनकडे बघत होते. "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण मला महिन्याला माल लागतो, वर्षाला नाही. मला भिवंडीहून फर्निचरचा भुसा मिळतोय. आपण गावचं सेंटर बंद करू."

त्यांच्यावर रागावावं असं मला वाटत होतं आणि रागावता येत नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. ते मला शेडवर तपासणीला ठेवायला तयार होते. मी हो म्हटलं आणि गावात जाऊन सेंटर बंद झाल्याचं सांगितलं. वाटेत मी चार प्रकारची वाक्यं जुळवली होती. अध्यक्षबाई गिरणी चालू ठेवूनच ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बरं. चिपर नेणार का ते?"

"विचारते."

"विचारू नका. इथे राहिला तर बघू."

चिपर तिथेच राहिला. सरांना त्याची आठवणही झाली नसावी. सरळ बांबू मांडववाले घेऊन जात होते, कल्याणहून एक जण स्वतः टेम्पो घेऊन यायचा. मी मधे बाण म्हणून उभी होते, पण माझ्याशिवाय सगळं नीट चाललं होतं. त्याचं मला बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही. वाकडे बांबू, शेंडे आणि चिवट्या गिरणीमागे उतारावर पडल्या होत्या. कोणी त्या मुद्दाम पावसात ठेवल्या की उचलायचा कंटाळा केला, हेही मी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर मी सहज म्हणून गेले आणि त्यातली पिशवीभर आणली. मुशीत घातली. राख करडी, मोकळी.

मी बॉयलरवाल्या काकांना थेट फोन केला. ते आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, एक दिवस, तेही मी ड्युटीवर असेन तेव्हा. सरांना मी सांगितलं, त्यांनी शेडमध्ये माल दाबून दिला, फार उत्साह दाखवला नाही. चाचणीच्या सकाळी मी आधी गावात गेले, तर मावशी गिरणीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला बघायचंय."

"काय?"

"कुठे जातंय ते."

"तुम्हीच म्हणालेलात, दाखवू नका."

"म्हणाले असेन. आता बघायचंय."

मी तिला घेऊन डोंबिवलीला आले. तिने पायात माझे जुने बंद बूट घातले, कारखान्यात उघड्या चपलांनी आत सोडत नव्हते. काकांनी भट्टीच्या छोट्या खिडकीची झडप उघडली आणि डोळे दिपू नयेत म्हणून तिला निळी काच दिली. ती कितीतरी वेळ काचेतून बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर भीती होती, की कुतूहल, की दुसरंच काही, मला काही वाचता आलं नाही.

"आवाज नाय येत," ती म्हणाली.

"भुगा केला ना मावशी. हवा कोंडत नाही."

"ते माहीत हाये." मग काकांना विचारलं, "ह्याच्या वाफेवर काय करतात?"

"कपडा रंगवतात."

"कुठला?"

काकांनी बाजूला वाळत घातलेला कापडाचा तागा दाखवला. तिने कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाली, "हा रंग जातो पहिल्या धुण्याला." काका हसले नाहीत, उलट मान डोलावली.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा सळई सरळ आत गेली. काकांनी राखेची चिमूट हातावर घेऊन दाखवली. मॅनेजरांनी सांगितलं की असा माल असेल तर वर्षातून एकदा घेऊ, फार नाही. सर म्हणाले ठीक आहे. एवढंच झालं. मी ज्या कामासाठी नेमले गेले होते ते झालं असं म्हणता येत नाही, आणि झालं नाही असंही नाही. वर्षाला एक ट्रक जातो.

त्या दिवशी मावशी आमच्या घरी जेवली. नवऱ्याने भाकरी केल्या, त्याला निवृत्तीनंतर हे एक नवीन सुचलं होतं. तिने त्याच्या भाकरीला नावं ठेवली आणि तीन खाल्ल्या. मी हळूच विचारलं, "मावशी, मग जाळायला हरकत नाही ना आता?"

ती म्हणाली, "मी हो कधी म्हटलं?"

"मग नाही म्हणता?"

"तुम्हाला सगळ्याचं हो-नाय पाहिजे असतं," ती म्हणाली आणि पाणी मागितलं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गटाने बांधावर नवीन बांबू लावायचं ठरवलं. शाळेच्या ओट्यावर पुन्हा बैठक. काही तरुण सुनांना रोपवाटिकेतली झपाट्याने वाढणारी जात हवी होती, जळणाला तीच बरी असं त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. मावशी म्हणत होती, जुन्या बेटाचे कंद काढून लावा, त्याला लवचीकपणा आहे, झपाट्याने वाढतं ते विणताना मोडतं. तोवर तिला दोन मुली शिकायला यायला लागल्या होत्या, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन आलेलं. वाद वाढला तसं अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी खरं तेच सांगितलं, "मला माहीत नाही."

मला वाटलं त्या निराश होतील. पण बैठक उलट सुटल्यासारखी झाली. ज्याला जी हवी ती त्याने आपल्या बांधावर लावावी असं ठरलं, आणि खड्डे खणायला सुरुवात झाली. मीही दोन लावले, कोणाच्या बांधावर ते आता नक्की आठवत नाही. परवा गेले तेव्हा रोपं कमरेएवढी झाली होती. बांधावरून चालताना मी ओळखायचा प्रयत्न केला, कुठली मावशीची आणि कुठली रोपवाटिकेतली. पानं उलटून पाहिली, पेरं चाचपली. शेजारून अध्यक्षबाई चालत होत्या, त्यांना विचारायची लाज वाटली.